फोंड्यात लावलेली धार

स्की ठेवायला गोव्याइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही. जून उजाडला की मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर बुरशी धरते, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागतात. स्कीच्या दोन्ही कडांनी पोलादाची एक पट्टी जाते, जेमतेम दोन मिलिमीटरची. तिच्यावर ना रंग असतो ना कसला मुलामा. असून चालणारही नाही, कारण तीच धार. फोंडा समुद्रापासून जरा आत आहे म्हणून आमच्याकडे गंज थोडा उशिरा चढतो, एवढाच काय तो फरक.

फोंडेकराला स्कीशी काय करायचंय, हे मला लग्नकार्यात हमखास विचारलं जातं. आमच्या पिढीत हॉटेल मॅनेजमेंट करून निम्मे जहाजावर गेले, काही आखातात. मला ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये हिवाळी हंगामाची नोकरी मिळाली, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. दुपारचं आवरलं की रात्रीच्या तयारीपर्यंत वेळ मोकळा, आणि स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी लिफ्ट मागच्या दारातून दिसायची. पाय तिथे तयार झाले. हात तयार झाले ते तळघरात, पाहुण्यांच्या स्की दुरुस्त करायच्या खोलीत. तिथला कारागीर फारसा बोलायचा नाही, पण कानस चुकीची धरली की मनगटावर टपली द्यायचा. पुढे गोव्यात परतलो, खानावळ घातली, पण मार्चमध्ये गुलमर्गला जाणं सुटलं नाही. शिगमो हुकतो, त्याबद्दल घरचे ऐकवतात ते ऐकून घेतो.

माझी जोडी कडक बर्फासाठीची आहे, फक्त त्याच कामाची. हे आधी सांगायला हवं, कारण सगळीकडे चालेल अशी ‘चांगली स्की’ नसते. गुलमर्गचं नाव आहे ते मांडीभर भुसभुशीत हिमासाठी. तिथली मुलं कमरेत, म्हणजे स्कीच्या मधल्या अरुंद भागात, शंभर मिलिमीटरहून रुंद स्की घालतात, हिमावर तरंगायला. माझी कमरेत ६८ मिलिमीटर आणि लांबीला १६५ सेंटिमीटर. जागतिक शर्यतींत पुरुषांच्या स्लॅलमला, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून आखूड वळणं घेत उतरायच्या शर्यतीला, किमान लांबी १६५च लागते, आणि तिथूनच हा आकार सामान्यांच्या दुकानात उतरला. अल्टेनमार्क्टची ॲटॉमिक असो, रीडची फिशर असो की माल्टर्सची स्टॉकली, प्रत्येकाच्या यादीत वरच्या टोकाला या जातीची एखादी तरी जोडी असते. आत लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे, बाजूला उभ्या भिंती. पत्रा घालतात तो मुख्यतः पीळ रोखायला. स्की लांबीत वाकायला हवी, पण पिळायला नको. टोक जरा पिळलं की तिथली धार बर्फातून सुटते, आणि पुढचं सगळं शरीर सुटलेल्या टोकामागे जातं.

कार्व्हिंग म्हणजे स्की घसरवत वळवायची नाही, कापत न्यायची. स्की कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कुशीवर कलवून भार दिला की मधला भाग खाली जातो, कड कमानीसारखी वाकते आणि स्की त्या कमानीच्या वाटेनेच जाते. हा खोल कमरेचा आकार सर्रास झाला तो १९९३ नंतर, स्लोव्हेनियातल्या एलान कारखान्याने एससीएक्स नावाची स्की बाजारात आणली तेव्हापासून. युरी फ्रँको आणि पावेल श्कोफित्स या तिथल्या अभियंत्यांचं ते काम. त्याआधीच्या स्की जवळजवळ सरळ असत, आणि वळण घसरवूनच घ्यावं लागे. माझ्या जोडीवर वळणाची त्रिज्या १३ मीटर छापली आहे, पण ती स्की सपाट असतानाची. ६० अंश कलवली की कोसाइनच्या हिशेबाने ती निम्म्यावर, साडेसहा मीटरवर येते. म्हणजे वळण किती आखूड होणार हे स्की ठरवते त्याहून तुम्ही किती कलता ते ठरवतं. आणि कलायचं धाडस कुठून येतं? धार धरेल या खात्रीतून.

दुकानदार पत्र्यांचे थर आणि कमरेची रुंदी सांगत बसतात. माझं मत सरळ आहे: कडक बर्फावर नव्या कोऱ्या बोथट स्कीपेक्षा जुनी, धार लावलेली स्की केव्हाही बरी. मोठ्या शर्यतींच्या उतारांवर तर मुद्दाम पाणी मुरवून पृष्ठभाग गोठवतात, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या स्पर्धकाला साधारण सारखा बर्फ मिळावा. त्या बर्फाला लाकूड, पत्रा, नाव, किंमत यातलं काही टेकत नाही. टेकते ती धार.

आता धार म्हणजे किती कोन, ते बघू. साधा विचार केला तर तळ आणि बाजू यांच्यात ९० अंश. पण तळाकडचं पोलाद अर्धा ते एक अंश वर उचललेलं ठेवतात, नाहीतर सपाट जातानाही स्की अडखळते, कुठेही चावते. मी अर्धा अंश ठेवतो. बाजूचं पोलाद तीन अंश आत घेतो. नव्वदातून तीन गेले, अर्धा आला: माझी धार ८७.५ अंशांची. बरेच जण ‘८७ लावली’ म्हणतात आणि तळाचा अर्धा अंश विसरतात. बाजूचा कोन बदलता येतो, हंगामागणिक वाढवता येतो. तळाचा मात्र एकदा वाढला की वाढला, सगळा तळ मशीनवर घासून खाली आणल्याशिवाय मागे येत नाही. म्हणून घरी तळाच्या बाजूला कानस लावायचीच नाही, हा तिरोलच्या तळघरातला नियम मी फोंड्यातही पाळतो.

चवथ झाली, पाऊस मागे हटला, की बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, वस्तू घट्ट पकडणारा शेगडा बसवतो. शेजारी एक काका आहेत, झुआरीच्या काठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डात फिटर होते, आता निवृत्त. पहिल्यांदा स्की शेगड्यात आडवी धरलेली बघून ते कुंपणाशी येऊन उभे राहिले.

“हें कितें रे? पाण्यावर चालायच्या फळ्या?”

“बर्फावरच्या, काका.”

“आणि कानस कशाला?”

“धार लावायची आहे.”

धार म्हटल्यावर ते आत आले. त्यानंतर दरवर्षी ते येतात, त्यांना आता सांगावं लागत नाही. चहा लागतो.

पहिलं काम ब्रेक बांधायचं. बूट स्कीला अडकवणाऱ्या बाइंडिंगला दोन पाय असतात, बूट निसटला की ते खाली पडून स्की थांबवतात. ते मध्ये आले तर कानस चालत नाही. त्यासाठी खास रबर मिळतं, मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावतो. मग ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, कड उन्हाकडे धरून बघायची. पावसाळाभर मेणाखाली ठेवलेल्या स्कीवर सहसा थोडेसेच ठिपके येतात, टोकाकडे आणि शेपटीकडे, जिथे मेण निसटलेलं असतं. हा वरवरचा गंज रबरात अपघर्षक भरलेला दगड मिळतो, त्याने निघतो. जिथे खड्डा पडला आहे तिथे तो पोचत नाही.

मग बाजूची भिंत. पोलादाच्या लगेच वर प्लॅस्टिकची भिंत असते, आणि दरवर्षी कानशीने पोलाद आत जात राहिलं की ती भिंत बाहेर उरते. कानस तिच्यावर घासत बसते आणि पोलादापर्यंत कोन पोचत नाही. यासाठी हातात मावेल असा एक छोटा रंधा येतो. तो ओढला की भिंतीची लांब, कुरळी साल निघते. काकांना हा भाग सगळ्यात आवडतो. एकदा त्यांनी ती साल बोटावर गुंडाळून बघितली आणि म्हणाले, “माल चांगला आहे.”

आता खरं काम. कानस हातात धरून तीन अंश लावणं कोणालाही जमायचं नाही, म्हणून गाइड असतो: धातूचा एक ठोकळा, तळावर सपाट टेकतो आणि कानशीला नेमक्या कोनात धरतो. पण गाइडवर ८७ लिहिलंय म्हणून धार ८७ची होते असं नाही. तळावर मेणाचा कण अडकला असला तरी ठोकळा उचलला जातो. म्हणून काळ्या मार्करने सबंध पोलाद रंगवायचं आणि कानस एकदाच, हलक्या हाताने, टोकापासून शेपटीकडे न्यायची. मग बघायचं शाई कुठून गेली. नुसती वरून गेली असेल, म्हणजे भिंतीकडून, तर जुना कोन वेगळा आहे, किंवा धार आत्तापर्यंत गोल झालेली आहे. नुसती धारेच्या बाजूने गेली तर कोणीतरी जास्त निमुळत्या कोनात लावली आहे. सगळी सारखी निघाली की कोन जुळला. मी हे दर हातभर अंतरावर बघतो. दोन्ही स्की मिळून चार कडा, त्यामुळे अख्खी सकाळ यातच जाते.

काकांचं पहिलं भांडण इथेच झालं होतं. त्यांनी घरून गुण्या आणला आणि पोलादाला लावून दाखवला. “बघ, काटकोनात नाही. तिरकं गेलंय तुझं.”

“तिरकंच पाहिजे. तीन अंश.”

“बरं, मग तीन कशाला? वीस कर. सुरीसारखं होईल.”

प्रश्न चुकीचा नाही. शर्यतीतले काही जण चार अंशांपर्यंत जातात. पण कोन जितका निमुळता तितकं टोकाचं पोलाद पातळ, दगडाला लागलं की तुकडा पडतो आणि नुसत्या बर्फावरही लवकर बसतं. शिवाय दरवेळी कानशीने पोलाद कमी होतं, आणि ते मुळात दोन मिलिमीटरच आहे. काकांनी विचार केला आणि मान्य केलं. “छिन्नीचंही तसंच,” म्हणाले. “दगड फोडायची वेगळी, लाकडाची वेगळी.”

कानशीबद्दल मात्र त्यांनीच मला शिकवलं. पुढे जाताना ती कापते, परत ओढताना नुसती बोथट होते, म्हणून परतीला उचलायची. हे मला माहीत होतं. पण कानशीच्या दात्यांत पोलादाचा कीस अडकतो आणि तोच मग धारेवर ओरखडे काढतो. तिरोलमध्ये आम्ही तारेच्या ब्रशने झाडत असू. काकांनी खिशातून शाळेचा खडू काढला आणि कानशीवर फासला. खडू दात्यांत बसतो, कीस बसत नाही, एका फटक्यात झटकला जातो. यार्डातली जुनी पद्धत. तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या डब्यात खडूची पेटी असते.

कानशीनंतर हिऱ्याचे दगड. दोनशेचा, चारशेचा, सहाशेचा, आकडा मोठा तितका दगड बारीक, गाइडमध्येच बसवून, पाणी लावून. कानशीचे ओरखडे यात विरत जातात आणि पोलाद आधी मळकट, मग राखाडी, मग लखलखीत होतं. या घासण्याने तळाच्या बाजूला बर, म्हणजे पोलादाची बारीक किनार, उभी राहते, बोटाला कळते, डोळ्याला दिसत नाही. ती तशीच राहिली तर पहिल्या दोन वळणांत धारदार वाटते आणि तिसऱ्यात मोडून पडते, सोबत धारेचा थोडा भाग घेऊन. म्हणून बारीक दगड तळावर सपाट ठेवून एकदा हलकेच फिरवायचा, आणि शेवटी रबरी दगडाने अगदी पुसल्यासारखं. तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. नखाचं टोक धारेवर आडवं ओढायचं. नखाचा पांढरा भुगा पडला की झालं. जिथे नख घसरतं तिथे परत.

टोक आणि शेपटी बोथट करून ठेवायची जुनी रीत होती, सरळ स्कीच्या काळातली. अजून काही जण हातभर बोथट करून देतात. कार्व्हिंग स्की टोकानेच वळणात शिरते, ते बोथट केलं तर ती विकत कशाला घेतली? मी बर्फाला टेकणाऱ्या जागेच्या पलीकडे, वर उचललेल्या भागातच काय ते बोथट करतो.

गेल्या खेपेला काकांनी एक वेगळीच गोष्ट दाखवली. यार्डातली पोलादी पट्टी घेऊन आले, अगदी सरळ असलेली, आणि स्कीच्या तळावर आडवी उभी धरली. “उजेडाकडे बघ,” म्हणाले. पुढच्या अर्ध्या भागात पट्टीखालून उजेड येत नव्हता. शेपटीकडे मात्र मधोमध एक बारीक रेघ दिसत होती, दोन्ही बाजूंचं पोलाद टेकलेलं आणि मधला तळ खोलगट. म्हणजे तळ पोलादापेक्षा खाली बसलाय. अशी स्की रुळावर चढल्यासारखी चालते: वळण धरते, पण सोडायला मागत नाही. उपाय एकच, दगडी चाकाच्या मशीनवर सगळा तळ सपाट करणं आणि मग तळाचा अर्धा अंश नव्याने लावणं. ती मशीन गोव्यात कोणाकडे असणार? मी तशीच न्यायची ठरवली.

मेण डिसेंबरात लावतो, पहाटे, कारण तेव्हाच आमच्याकडे खोली जरा थंड असते. मेण तापवून तळात मुरवायचं, थंड होऊ द्यायचं आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं, असा क्रम. एप्रिलच्या फोंड्यात मऊ मेण थंडच होत नाही, खरवडायला गेलं की पट्टीला चिकटतं. इस्त्री आईची जुनी, वाफेची भोकं नसलेली, जाड तळाची. आता तिच्यावर कपड्यांचा हक्क उरलेला नाही, आणि हा विषय घरात काढायचा नसतो. मेण वितळेल, पण धूर येणार नाही एवढीच ती तापवायची, साधारण १२० अंश. तळ पॉलिइथिलिनचा असतो आणि तो १३५ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे इस्त्री हातातून एक क्षणही थांबवायची नाही. मेण साधं, हायड्रोकार्बनचं. फ्लोरोकार्बनचं मेण वेगवान असायचं, पण ती रसायनं पाण्यात-मातीत कायमची राहतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून शर्यतींत त्यावर बंदी घातली. मला त्याची गरज कधी वाटली नव्हती. कडक बर्फावर वेग कमी पडतो अशी तक्रार मी अजून कोणाकडून ऐकलेली नाही.

बाइंडिंगचा आकडा बघून घेतला, वजन-उंची-वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून तो ठरतो. वजन वाढलं होतं. खानावळ चालवणाऱ्याचं वाढणारच.

मोपाच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने पिशवी बघून विचारलं, “सर्फबोर्ड?” मी हो म्हटलं असतं तर लवकर सुटलो असतो. कानशी, दगड, इस्त्री सगळं त्याच पिशवीत, सामानात दिलेलं. दिल्ली, श्रीनगर, तिथून गाडीने तंगमर्ग आणि वरचा घाट.

मार्चमध्ये गुलमर्गचा बर्फ दिवसातून दोनदा बदलतो. दुपारी उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी गंडोल्याच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्याच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, मशीनने दाबलेल्या उतारावर काल संध्याकाळच्या रेघा दगडासारख्या झालेल्या असतात. इतर लोक ऊन वर येईपर्यंत चहा पितात. माझी वेळ तीच. पाहुण्यांना डोंगरावर नेणारा तिथला एक गाइड माझी स्की हातात घेऊन म्हणाला, “पट्टी आहे की स्की?” त्याची स्वतःची माझ्या दोन्ही मिळून होतील एवढी रुंद. तो त्या प्रदेशातला, तंगमर्गकडचा. आरिफ खानचा विषय निघाला की त्याचा चेहरा बदलतो. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताकडून गेलेला एकटा खेळाडू तो, जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. “तो अशाच पट्ट्यांवर शिकला,” मी म्हटलं. त्याने स्की परत दिली.

पहिली फेरी मी नुसत्या बाजूच्या घसरण्याने घेतो, दोन्हीकडे, धार कशी बोलते ते ऐकायला. बोथट धार कडक बर्फावर खरखरते. नीट लागलेली धार जाड कागद फाडल्यासारखा सलग आवाज करते. तो आवाज आला. मग वेग घेतला, कारण या स्कीला मंद वेगात जीवच नसतो. हळू चालवली तर ती लाकडी फळी आहे, वाकत नाही, वळत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यातच खोट आहे. वेगात मात्र बाहेरच्या पायावर भार गेला, गुडघे आणि कंबर आतल्या बाजूला गेले, की टोक बर्फात शिरतं आणि पायाखाली स्की वाकलेली कळते. वळणाच्या शेवटी ती सरळ होते आणि शरीराला पुढच्या वळणात ढकलते. इथे डावीकडून उजवीकडे जाताना एक क्षण पाय हलके होतात, आणि त्याच क्षणात दुसरी कड लावायची असते, टोक सरळ उताराकडे वळायच्या आधी. उशीर झाला की कितीही धार असली तरी घसरणारच.

डाव्या वळणांत सगळं सुरेख. उजव्या वळणांत शेवटी शेपटी धरून बसायला लागली. सोडवायला जरा जास्त जोर द्यावा लागत होता, त्यामुळे पुढचं वळण उशिरा सुरू व्हायचं. खाली थांबून माग बघितला. डाव्या वळणांचा माग पेन्सिलीच्या जाडीचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. उजव्यांच्या अखेरीस तो हातभर पसरलेला. काकांच्या पट्टीखाली दिसलेली रेघ, बर्फावर. पुढच्या फेऱ्यांत मी ती स्की थोडी आधी सपाट करायला लागलो, म्हणजे शेपटीला धरायला वेळच द्यायचा नाही. जमलं. सुंदर नव्हतं, पण जमलं.

दहा-साडेदहाला वरचा थर सैलावला की माझी स्की बाद. टोक बुडायला लागतं आणि अरुंद कंबर कामाला येत नाही. गाइड तेव्हा वरच्या टप्प्यावरून, अफरवाटहून, खाली येताना दिसायचा. हात हलवायचा. मी कहव्याला.

दुसऱ्या सकाळी बर्फ पातळ झालेल्या जागी दगड लागला. आवाजावरूनच कळलं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, पेटलेली, स्की तिच्यापासून लांब ठेवून आधी नीट कोरडी केली. धारेवर नखाएवढी जागा दबली होती. तिथे कानस लावली तर ती वरून घसरून जाते, कारण दगडाच्या माराने पोलाद त्या जागी कडक होतं आणि कानशीला दाद देत नाही. उलट कानशीचेच दाते जातात. आधी दोनशेचा हिऱ्याचा दगड तेवढ्याच जागी, पाणी लावून, हळूहळू, ती कडक साल जाईपर्यंत. मग बाकी धारेच्या रेषेत आणायची. दबलेला खड्डा पूर्ण भरून काढायच्या नादात सगळी कड खाली आणायची नाही, मिलिमीटरभर लांबीचा दाता राहिला तर राहू द्यायचा. हॉटेलचा मुलगा लाकूड टाकायला आला होता, तो बराच वेळ बघत उभा राहिला. त्याला एक दगड देऊन दुसरी स्की करायला लावली. हात चांगला होता त्याचा.

परत आल्यावर स्की धुऊन पुसून बाल्कांवात ठेवल्या आणि मेणाचा जाड थर दिला, कडांवरून ओघळेल इतका, न खरवडता. पावसाळ्यासाठी पोलादाला तेच पांघरूण. पिशवीत घालायच्या नाहीत, पिशवीत ओल कोंडते. आमच्या माळ्यावर आडव्या, भिंतीपासून दूर.

शेपटीच्या खोलगट तळाचं अजून ठरलेलं नाही. काकांचं म्हणणं, पोलाद उंच आहे तर पोलादच उतरवायचं. यार्डात सरफेस प्लेट, म्हणजे तपासणीचा अगदी सपाट पाट, आहे, निळा रंग लावून कुठे टेकतं ते बघू, कानशीने दोन दिवसांत सपाट करून देतो. त्यांनी बार्जच्या इंजिनांची बेअरिंगं अशीच हाताने बसवली आहेत, आणि हाताबद्दल मला शंका नाही. पण त्यात तळाचं पोलाद आणखी पातळ होणार आणि अर्ध्या अंशाचा हिशेब नव्याने करावा लागणार, तोही जिथे दुसरी संधी नसते त्या बाजूला. मी मशीनच्या बाजूचा आहे. त्यासाठी स्की युरोपात पाठवायला हव्यात, आणि ओळखीतला एक मुलगा नोव्हेंबरात इन्सब्रुकला हंगामासाठी निघालाय. त्याला विचारलं. आधी हो म्हणाला, मग पिशवीची लांबी विचारली, मग विमान कंपनी त्या लांबीचे किती पैसे घेते ते बघून सांगतो म्हणाला. काका रोज विचारतात त्याचा फोन आला का.